जळगावात राहून वॉरहॅमर या टेबलावरच्या युद्धखेळाचे मिनिएचर (छोटे सैनिक) रंगवायला सुरुवात करायची तर आधी एअरब्रश घ्यावा का? बजेट किती ठेवावं?

एअरब्रश, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारायचं पेन, नका घेऊ भाऊ. पहिलं वर्षभर तरी नाहीच. कॉम्प्रेसरचा आवाज, दर वेळी नीडल साफ करायची किटकिट, आणि ऐन रंगात आलं की लाईट जाणार. दोन ब्रश बास, एक जरा जाड आणि एक नीट टोक असलेला.

हा एअरब्रश-स्प्रेचा विषय निघाला की मला आमचा मेव्हणा आठवतो. पुण्याला असतो, तिथं त्याचा खेळणाऱ्यांचा ग्रुप आहे, त्यामुळे यातलं सगळं आपल्यालाच कळतं असा त्याचा समज. मागे मे महिन्यात सुट्टीला आला तो स्पेस मरीनचा (वॉरहॅमरमधल्या चिलखती सैनिकांचा) डबा आणि स्प्रे प्रायमरचा (रंगाआधी द्यायच्या पहिल्या हाताचा) कॅन घेऊनच. मी म्हटलं, अरे हे जळगाव आहे, पारा ४५ला टेकलाय, स्प्रेच मारायचा तर पहाटे मार, नाहीतर माझा ब्रशने लावायचा प्रायमर घे. तर म्हणे, "दाजी, ब्रशने प्रायमर लावतं का कुणी, सगळे डिटेल बुजतात." आणि आमरस हाणून भर दुपारी गच्चीवर गेला. आई जिन्यातून ओरडतेय, "काय करी राह्यना रे भो इतला उनमा?" पण ऐकतो कोण.

आता एवढ्या उन्हात रंग कॅनमधून निघाला की मिनिएचरपर्यंत पोचेस्तोवर हवेतच सुकतो, वर बसते ती नुसती पावडर. ते गुळगुळीत खांदे पॉलिश पेपरसारखे खरखरीत झाले. तरी साहेबांचं म्हणणं, कॅन खराब निघाला! शेवटी मीच आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, रात्रभर बुडवून ठेवले, सकाळी जुन्या टूथब्रशने घासले, बऱ्यापैकी निघालं. (ॲसिटोन चुकूनही नाही, प्लास्टिकच विरघळतं.) मग ब्रशने प्रायमरचे दोन पातळ हात दिले आणि चिलखतावरचा रिव्हेट न् रिव्हेट दिसत होता. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, त्यावर त्याचा अंगठासुद्धा आला नाही.

तर आपल्याकडे खरी अडचण उन्हाची आहे, आणि त्यावर कुठलं महागडं मशीन चालत नाही. ॲक्रिलिक पॅलेटवर मिनिटात सुकतं, म्हणून वेट पॅलेट पाहिजेच. विकतचा कशाला, चपट्या डब्यात ओला स्पंज आणि वर बेकिंगचा कागद, मेण लावलेला नको. फॅनचा झोत अंगावर घेऊन रंगवू नका, रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो. घाम पुसा पण फॅन दुसरीकडे वळवा. रंग पाणी घालून पातळ करा, एका जाड थरापेक्षा दोन पातळ कधीही चांगले. घाई असेल तर २०१९ला आलेले कॉन्ट्रास्ट रंग घ्या, फिक्या प्रायमरवर एका हातात सावली-उजेड दोन्ही येतं. मेव्हणा त्याला चीटिंग म्हणतो. म्हणू दे.

आणि एकदम आर्मी घेऊ नका. स्पेस मरीनवाला गेम, म्हणजे वॉरहॅमर ४०,०००, १९८७ पासून चालू आहे, कुठं पळून जात नाही. किल टीम बघा, ही याच गेमची छोटी आवृत्ती, एका बाजूला दहाएक मिनिएचर असले की भागतं, आणि समोर कोणी नसेल तर दोन टीम तुमच्याच ठेवून घरातल्या पोराला शिकवा. मी भाच्याला तसंच शिकवलं, आता तो बापाला, म्हणजे याच मेव्हण्याला, हरवतो.

हां, स्प्रे वाईटच असतो असं नाही, डिसेंबरात सकाळी मीही मारतो. पावसाळ्यात मात्र नको, दमट हवेत पांढुरका होतो. प्लास्टिकऐवजी रेझिनचे मिनिएचर घेतलेत तर जास्त वेळ अल्कोहोलमध्ये ठेवू नका आणि पॉलिश पेपरने घासताना ओलं करून, मास्क लावून घासा.

बजेटचं म्हणाल तर एक डबा, सहा रंग, एक वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग), दोन ब्रश, प्रायमर आणि भाग कापायला कटर एवढ्याचीच बेरीज करा. रेट सारखे बदलतात, तेव्हा आकडा तुम्हीच काढा.