मशीन मिळाल्या, पण शिवायचं काय?

प्रश्न: ताई, आमचा बारा जणींचा बचत गट आहे, गाव एमआयडीसीला लागून. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठीच्या पैशांतून, सहा शिलाई मशीन दिल्या, सरपंच आले, फोटो झाले आणि नंतर कोणी फिरकलंच नाही. चार मशीनवर आता गोधड्यांच्या घड्या ठेवल्यात. आता दुसरी कंपनी विचारतीये तुम्हाला काय हवंय, तर काय सांगू?
– एक वाचक, शिरूर तालुका

उत्तर: आधी संकोच सोडा, हे उपकार नाहीत. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ बघा. नेटवर्थ (देणी वजा जाता उरलेली मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी तेवढं किंवा जास्त असलं तरी त्या कंपनीला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करावेच लागतात, आणि महिला सक्षमीकरण कायद्याच्या यादीतच आहे.

आता मशीन मागू नका! मशीन देणं सोपं असतं हो, बिल लागतं, फोटो निघतो. तुमचं अडलंय ते पुढे. रोज येऊन शिकवणारा कटिंग मास्टर मागा, निदान सहा महिने, कापडाच्या कडा शिवणारी एक ओव्हरलॉक मशीन, काजाची मशीन, पहिल्या कापडाचे पैसे, आणि हिशेब-कोटेशन शिकवणारं कोणीतरी. वर्ग दुपारी ठेवा म्हणावं, सकाळी पाणी-स्वयंपाक सोडून कोण येणार?

पैसे थेट गटाच्या खात्यात येतील असं धरून चालू नका. कंपनी स्वतः काम करते नाहीतर संस्थेमार्फत, आणि त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (अशी कामं करायला सरकारकडे करायची नोंदणी) २०२१ पासून लागतेच, ती आहे का विचारा. मशीन कोणाच्या नावावर राहणार तेही.

ऑर्डरचं मात्र वेगळं आहे आणि इथेच गट फसतात. कंपनीची नेहमीची खरेदी सीएसआरमध्ये धरत नाहीत, त्यामुळे सीएसआरवाल्या मॅडम कितीही चांगल्या असल्या तरी ऑर्डर त्यांच्या हातात नसते. त्यांना एवढंच म्हणा की आमची परचेसवाल्या साहेबांशी गाठ घालून द्या. जाताना दोन अ‍ॅप्रन शिवून न्या, नीट इस्त्री करून, आणि पैसे किती दिवसांत मिळणार ते ऑर्डरवरच लिहून घ्या.