उन्हाळ्यात नळाचं पाणी ३१ अंश असताना ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी कसा धुवायचा?

तुम्ही लिहिलंय की जुन्या झेनिट कॅमेऱ्याने काढलेले एचपी५ प्लस या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे दोन रोल मे महिन्यात नागपूरला घरी धुतले. डी-७६ डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण) १+१, म्हणजे एक भाग द्रावण आणि एक भाग पाणी, ११ मिनिटं, पाणी ३१ अंश. निगेटिव्ह काळ्याकुट्ट निघाल्या आणि ग्रेन (चित्रातले कण) वाळूसारखा दिसतोय.

११ मिनिटं ही वेळ २० अंशांची आहे. दर अंशामागे साधारण दहा टक्के वेळ कमी होते, म्हणजे ३१ अंशांना ते काम चारेक मिनिटांतच उरकतं. तुम्ही जवळपास तिप्पट धुतलंत.

पण सगळा दोष डेव्हलपरवर टाकण्याआधी निगेटिव्हची कड बघा. कडेला छापलेली अक्षरं आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच एक्स्पोज झालेले (प्रकाश देऊन उमटवलेले) असतात, त्यांचा तुमच्या कॅमेऱ्याशी संबंध नसतो. आकडे जाड होऊन पसरले असतील आणि दोन फ्रेमच्या मधल्या मोकळ्या पट्ट्याही करड्या असतील, तर रोल जास्त धुतला गेलाय. आकडे स्वच्छ आणि फक्त फ्रेम काळ्या असतील, तर एक्स्पोजर जास्त झालंय. झेनिट-ईच्या सेलेनियम मीटरवर (कॅमेऱ्यातच बसवलेल्या, उजेड मोजणाऱ्या) विसंबला असाल तर हेही शक्य आहे. सेल म्हातारा झाला की उजेड कमी दाखवतो, आणि आपण गरजेपेक्षा जास्त प्रकाश देत राहतो. फोनमधल्या मीटरशी एकदा ताडून पाहा.

आता धुण्याबद्दल. २० अंशांचा हट्ट सोडा. आपल्याकडे मे महिन्यात २४ अंश गाठणं सोपं आहे आणि तिथे डी-७६ १+१ ची वेळ साडेसात मिनिटं येते. पाच मिनिटांच्या खाली जाऊ नका. द्रावण ओतायला-काढायलाच दहा-पंधरा सेकंद जातात, त्यामुळे छोट्या वेळेत आकाशावर पट्टे उमटतात. नागपूरच्या कोरड्या हवेत मातीच्या माठातलं पाणी आयतंच गार मिळतं. कोकणात दमटपणामुळे माठ तितका गार होत नाही, तिथे फ्रिजमधल्या बाटलीचाच आधार. टबात पाणी घ्या, त्यात बर्फ झालेली बंद बाटली सोडा आणि डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) व धुण्याचं पाणी या सगळ्यांच्या बाटल्या अर्धा तास त्यातच उभ्या ठेवा. बर्फ थेट द्रावणात टाकू नका, प्रमाण बिघडतं.

माझ्या मते नेमक्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की चारही द्रावणं एकाच तापमानाची हवीत, फार तर एक-दोन अंशांचा फरक. २४ अंशांच्या डेव्हलपरमधून फिल्म ३१ अंशांच्या नळाखाली गेली की फिल्मवरचा फुगलेला जिलेटिनचा थर आणखी मऊ पडतो, ग्रेनचे पुंजके दिसू लागतात आणि नखाचा साधा स्पर्शही ओरखडा काढतो.

२७ अंशांच्या खाली जाताच येत नसेल, तर १+३ करा आणि दहा मिनिटांपासून सुरुवात करा. आधी एखादा बिनमहत्त्वाचा रोल धुऊन पाहा. इथे एक चूक हमखास होते. पॅटरसन कंपनीच्या टँकमध्ये (फिल्म धुण्याच्या बंद डब्यात) ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिलि पुरतं, पण १+३ मध्ये त्यात मूळ डेव्हलपर जेमतेम ७२ मिलि येतो आणि तो मध्येच थकतो. मी रोलमागे किमान १०० मिलि मूळ द्रावण धरतो, म्हणून ५०० मिलि बनवा: १२५ डेव्हलपर, ३७५ पाणी. त्यासाठी फिल्म गुंडाळायची दोन रिळं बसणारा टँक लागेल. खालच्या रिळात फिल्म, वर रिकामं रीळ.

टँक पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा उलटासुलटा करा, पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला तेवढंच. स्टॉपसाठी किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी तीन भाग, अर्धा मिनिट. रॅपिड फिक्सर १+४, तीन ते पाच मिनिटं. फिक्सर जुना असेल तर रोलच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा त्यात टाकून किती वेळात पारदर्शक होतो ते मोजा आणि त्याच्या दुप्पट वेळ द्या. मग टँक पाण्याने भरून पाच वेळा उलटा, ओता. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा वीस वेळा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटचं खळबळणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता ओघळून जावं म्हणून घालायच्या द्रवाचे) दोन-तीन थेंब. फिल्म बोटांनी निपटू नका.

रिळावर फिल्म चढवताना मध्येच अडकली, असंही तुम्ही म्हणता. चेंजिंग बॅगेत (हात आत घालून अंधारात काम करायच्या काळ्या पिशवीत) हात घामेजतात आणि प्लॅस्टिकच्या रिळातल्या गोळ्या ओलसर झाल्या की फिल्म पुढे सरकतच नाही. पहाटे चढवा, रीळ पूर्ण कोरडं असू द्या, फिल्मचे पुढचे दोन्ही कोपरे कात्रीने किंचित गोल करा. तरीही अडकली तर जोर लावू नका: फिल्म आणि रीळ टँकमध्ये टाकून झाकण घट्ट लावा, हात बाहेर काढून पुसा, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा.

वाळवायला कूलर किंवा पंख्याखाली टांगू नका, ओल्या फिल्मवर बसलेली धूळ कायमची चिकटते. न्हाणीघरात पाणी शिंपडून दार बंद करा आणि खालच्या टोकाला चिमटा लावून टांगा.

डी-७६ भरलेल्या बाटलीत सहा महिने, अर्ध्या बाटलीत दोन महिने टिकतं, पण ते थंड खोलीत. उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. म्हणून एक लिटर बनवलं की २५० मिलिच्या चार बाटल्यांत काठोकाठ भरा, वर तारीख आणि ठळक अक्षरांत ‘विष’ लिहा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. चहासारखा रंग आला की फेकून द्या. न वापरलेले रोल मात्र फ्रिजमध्ये, बंद डबीत. वापरायच्या दोनेक तास आधी बाहेर काढा आणि तोवर डबी उघडू नका.