गाडीची पुसापुस: पोरगा म्हणते हिवाळ्याचे टायर वेगळे, खरं का?

प्रश्न: नमस्कार भाऊ. मी कास्तकार माणूस. माहा पोरगा जर्मनीत स्टुटगार्टले नोकरीवर हाये. त्यानं तिथं जुनी बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतली, दोन सीटची, टप उघडते अशी. आता म्हणते हिवाळ्यासाठी चार टायर अन् चार रिमा दुसऱ्या घ्या लागते, अन् घेतो तर 19 इंची अलॉयच घेतो, भारी दिसते, थोडे पैसे तुमी पाठवा. अहो, हायेत ते टायर त्यानंच मले व्हिडिओवर दाखवले, नवेकोरे हायेत! साइज पुढं 225/40 आर 18, मागं 255/35 आर 18. आमी इकडं एकाच टायरवर तिन्ही मोसम काढतो, गोटा होईपर्यंत. पोट्टं मले चुना तर नाही लावून राह्यलं?
(एक वाचक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ)

उत्तर: काकाजी, चुना नाही लावून राहिला. टायरचं तो बरोबर बोलते, 19 इंची रिमचं मात्र चूक, तिथं त्याला आवरा.

जानेवारीत पहाटे हरभऱ्याला पाणी द्यायला जाता तेव्हा मोटरीचा काळा पाइप कसा अकडून असते, वळवला तरी वळत नाही, अन् दुपारी तोच पाइप मुकाट्यानं गुंडाळला जाते. उन्हाळी टायरच्या रबराचं तसंच आहे, साधारण 7 डिग्रीच्या खाली गेलं की ते कडक होते अन् मग नक्षी कितीही खोल असली तरी रस्ता धरत नाही, म्हणून नवेकोरे आहेत हा हिशोब तिथं चालत नाही. विंटर टायरचं रबर थंडीतही नरम राहते, वरून नक्षीच्या एकेका ठोकळ्यावर ब्लेडनं कापल्यासारखे बारीक बारीक चिरे असतात, ते बर्फावर उघडतात अन् पकड देतात. त्यात झेड-फोरची ताकद मागच्या चाकांवर, म्हणजे ओल्या थंड रस्त्यावर वळणात ॲक्सिलेटर जरा जास्त दाबला गेला की मागची बाजू सुटलीच समजा.

कायदाही आहे. जर्मनीत तारीख ठरलेली नाही, पण रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा पाणी गोठलेलं असलं अन् टायर हिवाळ्याचे नसले तर 60 युरो दंड अन् लायसनवर चुकीचा एक पॉइंट. लोक तिथं ऑक्टोबर ते ईस्टर असा ढोबळ हिशोब धरतात. टायरवर तीन शिखरांचा डोंगर अन् त्यात बर्फाचं फूल असं चिन्ह पाहिजे, नुसतं एम प्लस एस (चिखल अन् बर्फ) लिहिलेलं 1 ऑक्टोबर 2024 पासून चालत नाही. ऑल-सीझन म्हणजे बारमाही टायरवरही हे चिन्ह असते, छोट्या फॅमिली गाडीला मी तेच सांगितलं असतं, पण अशा गाडीला दोन्हीकडून अर्धवट काम होते.

आता रिम. हिवाळ्यात रिम मोठी नाही, उलट एक इंच लहान घ्यायची. त्याला म्हणा चारही चाकांना 225/45 आर 17 बसते का ते गाडीच्या कागदात बघ. हिशोब सोपा आहे: आताच्या पुढच्या टायरची भिंत म्हणजे रुंदी 225 मिमीचे 40 टक्के, 90 मिमी, 17 इंचीत ती होते 101, अन् चाकाची एकूण उंची 637 वरून 634, म्हणजे फक्त 3 मिमीचा फरक, त्यानं स्पीडोमीटर, एबीएस काहीच बिघडत नाही. भिंत जाड झाली की बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचते. मागचा टायर 255 चा 225 झाला तर ताज्या बर्फावर तरंगत नाही, दाबून खाली जाते. टायरही स्वस्त पडते, अन् चारही एकसारखे असले की पुढचे मागे, मागचे पुढे करता येतात (टायरवर फिरायची दिशा दिली असेल तर एकाच बाजूला). फक्त 17 ची रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, बोल्टांचं अंतर, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) अन् मधलं भोक जुळते ना, हे घ्यायच्या आधी पाहावं लागते. चमचमणाऱ्या पॉलिश रिमा तर हिवाळ्यात घेऊच नका म्हणा, तिथं रस्त्यावर मीठ टाकतात, एका सीझनमध्ये ॲल्युमिनियमवर पांढरे फोड येतात. साधी रंगवलेली रिम बरी.

पैसे वाचवायचे तर कंपनीच्याच जुन्या रिमा घे म्हणा, वापरलेल्या भेटतात. पण टायर जुने घेत असेल तर बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचायला सांगा, 3821 म्हणजे 2021 चा 38 वा आठवडा. अन् 2 युरोचं नाणं नक्षीत घालून बघायचं, त्याची चांदीसारखी कड साधारण 4 मिमी असते, ती बाहेर दिसली तर कायद्यात 1.6 चालत असले तरी हिवाळ्याला तो टायर संपला. दोनच टायर घेतो म्हणाला तर नाही म्हणा. मागेच टाकले तर पुढून गाडी वळणार नाही, पुढेच टाकले तर मागून फिरेल.

अजून एक, या गाडीला कंपनीकडून बहुतेक रन-फ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे) टायर येतात अन् स्टेपनी नसते. नवे साधे घेतले तर हवेचा छोटा पंप अन् पंक्चर किट डिक्कीत पाहिजेच. टायरवर वेगाचं अक्षर एच असेल तर ताशी 210 किलोमीटरच्या वर पळवायची नाही, गाडी जास्त पळणारी असेल तर तसं स्टिकर समोर लावावं लागते. बसवल्यावर 50 किलोमीटरनंतर बोल्ट परत टाइट करायला लावा, हे पोट्टे विसरतातच.

प्रश्न: जानेवारीत स्विफ्टनं मनालीले जाऊन राह्यलो. इथूनच विंटर टायर टाकून नेऊ का?
(एक वाचक, वरूड)

उत्तर: नका टाकू जी. नागपुरात डिसेंबर 2018 ला पारा 3.5 डिग्रीपर्यंत गेला होता, पण अशा पहाटा किती? दुपारी इथं स्वेटर काढावंच लागते, अन् तापल्या डांबरावर ते नरम रबर भराभर घासते, ब्रेकही लांब लागते. तुमचे चांगले टायर असू द्या. बर्फ पडला की तिथले पोलीस बहुतेक फोर बाय फोर किंवा टायरवर लोखंडी चेन बांधलेल्याच गाड्या वर सोडतात, म्हणून गाडी हॉटेलवर ठेवून वरती तिथलीच टॅक्सी करा, तो ड्रायव्हर रोजच त्या रस्त्यावर असते. स्वतःच न्यायची असेल तर चेन पुढच्या दोन चाकांना लावा, स्विफ्टची ताकद पुढं आहे. 40 च्या वर जाऊ नका अन् बर्फ संपून काळा रस्ता दिसला की लगेच काढा, नाहीतर चेन तुटून मडगार्ड फाडते.