लॉस कमी, तरी पंजा कप सोडून हवाच का पकडतो?

तुम्ही विचारलंय, रोबोटचा हात धरून दाखवलेल्या डेमोंवर पॉलिसी (दृश्य बघून पुढची हालचाल ठरवणारं मॉडेल) शिकवली, व्हॅलिडेशन लॉसही (शिकवताना न वापरलेल्या डेमोंवरची चूक) छान उतरला, पण खरा रोबोट कपाशेजारची हवाच पकडतो. तर आणखी डेमो घ्यावेत का?

घ्या, पण तसेच नकोत. लॉस मोजताना मॉडेलपुढे कायम माणसाने आणून ठेवलेली स्थिती असते. रोबोट स्वतः चालू लागला की पुढचं दृश्य त्याच्याच आधीच्या हालचालीतून येतं. पंजा सेंटिमीटरभर सरकला तर कॅमेऱ्याला जे दिसतं ते डेमोंमध्ये कुठेच नव्हतं, म्हणून पुढची हालचाल आणखी चुकते, आणि असं वाढतच जातं. हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पोमरलो यांनी १९८९ साली एल्विन हे गाडी चालवणारं न्यूरल नेटवर्क मांडलं. सफाईदार चालक रस्ता सोडतच नाही, मग नेटवर्कने परत रस्त्यावर यायला शिकायचं कुठून? त्यांनी पुढे कॅमेऱ्याची चित्रं सरकवून ‘भरकटलेल्या’ स्थिती तयार केल्या. २०११ मध्ये रॉस, गॉर्डन आणि बॅगनेल या संशोधकांनी डॅगर ही पद्धत आणली: पॉलिसीलाच चालू द्यायचं, ती जिथे पोहोचेल तिथली योग्य कृती जाणकाराकडून घ्यायची आणि ती डेटात मिसळून पुन्हा शिकवायचं.

तुमच्यासाठी सोपा मार्ग असा. पंजा मुद्दाम वाकड्या जागी न्या, रेकॉर्डिंग त्यानंतर सुरू करा आणि सावरून दाखवा. आधी सुरू केलंत तर पॉलिसी वाकडं जायलाही इमानेइतबारे शिकते!

डेमो दोघांनी दिलेत का? एक कपाकडे डावीकडून जातो, दुसरा उजवीकडून, आणि चुकीचा वर्ग (स्क्वेअर) मोजणारा साधा लॉस त्यांची सरासरी काढून पंजा थेट मधे घुसवतो. असं दिसलं तर २०२३ ची डिफ्यूजन पॉलिसी (सरासरी न काढता शक्य मार्गांपैकी एक धरणारी पद्धत) वापरून बघा. त्याच वर्षीच्या अलोहा या दोन हातांच्या रोबोटच्या प्रकल्पातली, एकदम अनेक पावलांचा अंदाज बांधायची युक्तीही कामाची आहे. निर्णयांची संख्या घटते, तशी चूक साचायची संधीही. लाखो डेमोंवर शिकलेल्या मोठ्या मॉडेलकडे इतक्यात वळू नका, असं माझं मत. चेकपॉइंट (शिकवताना मधूनमधून जपलेली मॉडेलची प्रत) मात्र लॉस बघून निवडू नका, रोबोटवर चालवूनच निवडा.

आणि या सगळ्याआधी एक जुना डेमो, कप त्याच जागी ठेवून, पॉलिसीशिवाय जसाच्या तसा रिप्ले करा. तोही चुकला तर दोष शिकण्यात नाही; कॅलिब्रेशन, म्हणजे रोबोटची मापं खऱ्या जागांशी जुळतात का, ते तपासा.