वाचक विचारतात: पेटी, गळा आणि कंडेन्सर माइक

प्रश्न: आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करून यूट्यूबला घालायचंय. मी पेटी वाजवत गातो, एकजण तबल्याला, दोघं टाळाला. जागा म्हणजे घरचा सोपा, वर कौलं. मोबाईलवर करून बघितलं तर टाळच टाळ ऐकू यायलेत, गळा कुठं गेला पत्ताच नाही. बेळगावात एक दुकानदार म्हणतो मोठ्या डायफ्रामचा (म्हणजे आतला पडदा मोठा असलेला) कंडेन्सर घ्या, दुसरा म्हणतो स्टेजवरचा साधा माइक बास. इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) धरून पंधरा हजार आहेत, काय घेऊ? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर: दोघंही बरोबरच सांगायलेत ओ, फक्त तुमचा सोपा दोघांनीही बघितलेला नाही. स्टेजवरच्या डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेची गुंडाळी चिकटवलेली असते, तिचं वजन ओढत तो पडदा हलतो. कंडेन्सरचा पडदा नुसता, एकदम पातळ, त्यामुळं गळ्यातली बारीक हरकत, पेटीच्या सुराची धार सगळं पकडतो, आणि त्याच इमानदारीनं पंखा, रस्त्यावरची टमटम आणि शेजारच्या म्हशीचं हंबरणंपण पकडतो. खानापूरच्या पावसात कौलाखाली कंडेन्सर लावून बसलासा तर पाऊसच रेकॉर्ड होणार, ते काम दसऱ्यानंतर काढा.

आता दुकानात आकडे तोंडावर फेकतात त्याचं बघू. रोडचा एनटी1-ए घेतला तर त्याचा स्वतःचा आवाज, म्हणजे सेल्फ नॉइज, 5 डेसिबल आणि ऑडिओ-टेक्निकाच्या एटी2020 चा 20. कागदावर केवढा फरक वाटतो! पण रात्री सगळं सामसूम झाल्यावरसुद्धा घरातल्या खोलीत 30 च्या आसपास असतंच की, मग पेटी, तबला, टाळ चालू असताना ते 5 आणि 20 ऐकणार कोण? एकटा तंबोरा किंवा अगदी हळू गुणगुणणं रेकॉर्ड करायचं असतं तर मी हट्टानं 5 वाला घ्या म्हटलो असतो, तुम्हाला गरज नाही, आणि इंटरफेस धरल्यावर तो बजेटातपण बसणार नाही. तेव्हा एटी2020 किंवा त्याच्या जवळपासचा कुठलाही कार्डिऑइड (म्हणजे काय ते खाली सांगतो) घ्या आणि दोन इनपुटचा इंटरफेस घ्या, नवा परवडत नसेल तर जुना बघा. इंटरफेसवर 48 व्होल्टचं फँटम पॉवरचं, म्हणजे केबलमधूनच माइकला वीज देणारं, बटण आहे का ते आधी बघा, त्याच्याशिवाय हा माइक बोलतच नाही. एक्सएलआरमधून, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या जोडणीतून, मोबाईलच्या जॅकला जाणारी साधी केबल मिळते ना, तिच्यातून ते 48 व्होल्ट येत नाहीत, त्यामुळं ती घेऊन फसू नका.

कार्डिऑइड म्हणजे समोरचं ऐकतो, पाठीमागं जवळजवळ बहिरा. तुमच्या टाळाचं औषध हेच. माइकची पाठ टाळवाल्यांकडं करा आणि त्यांना चार-पाच फूट लांब बसवा, बिचाऱ्यांना राग आला तरी चालेल. हा माइक वरच्या टोकात गायचा नसतो, बाजूनं गायचा असतो, आणि पुढची बाजू कुठली ते नीट बघून घ्या. तोंडापासून वीतभर लांब, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाचा वारा अडवणारी जाळी. त्याहून जवळ गेलासा तर आवाज उगाच घुमायला लागतो. पेटी खालून आपोआप येतेच, भाता फुसफुसायला लागला तर माइक थोडा वर घ्या. आणि भिंतीवरून परत येणारा आवाज दाबायला वाकळ टांगायची ती माइकच्या मागं नाही, गाणाऱ्याच्या पाठीमागं, कारण माइकचं तोंड त्या भिंतीकडं असतंय.

तबल्याला सध्या दुसऱ्या इनपुटवर मंडळाचा जो स्टेजचा माइक असेल तोच लावा, तबला-डग्ग्याच्या मध्ये, फूटभर वर. पुढं पैसे जमले तर तिथं लहान डायफ्रामचा, पेन्सिलसारखा कंडेन्सर आणा. चाटेवरचा तो कडक आघात त्याच्यात जास्त स्वच्छ येतो, आणि बाजूनं आलेला आवाजपण तो मोठ्यापेक्षा कमी बिघडवतो.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत, ओल. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅप्सूलवर, म्हणजे पडदा असलेल्या आतल्या भागावर, दमट हवा बसली की कडकड, फटफट आवाज यायला लागतात आणि लोक माइक बिघडला म्हणून दुकानात भांडायला जातात. काम झालं की स्टँडवर ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि फुंकर मारून चालू आहे का बघायची सवय असेल तर ती आजच सोडा.

प्रश्न: मी एकटाच कथावाचन करतो, यूएसबी कंडेन्सर चालेल का? (निपाणी)

उत्तर: मस्त चालेल, एकट्याला इंटरफेसचा खर्च कशाला? फक्त उद्या बासरीवाला मित्र साथीला आला की अडचण होते, एका कॉम्प्युटरवर दोन यूएसबी माइक एकदम चालवणं म्हणजे डोक्याला ताप. तसं काही डोक्यात असेल तर आत्ताच एक्सएलआरचा घ्या.