मोहल्ला समित्यांनी गुन्हे खरंच कमी होतात का? भिवंडीत मी जे पाहिलं ते सांगतो

पोलीस ठाण्यातून तुमच्या सोसायटीकडे मोहल्ला समितीसाठी, म्हणजे वस्तीतले लोक आणि पोलीस नियमित एकत्र बसतात त्या समितीसाठी, नावं मागितली आहेत. यातून खरंच काही होतं की फोटो काढून विषय संपतो, असं तुम्ही विचारलंय.

होतं. पण समितीत कोण बसतं आणि पोलिसांकडून कोण येतं, यावर ते ठरतं. मी भिवंडीत वाढलो आणि ही गोष्ट जमलेली पाहिली, मोडलेलीही पाहिली.

माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात मेहता होते, म्हणजे हिशेब आणि मजुरी बघायचे. भिवंडीत माणूस मागांची खटखट ऐकतच झोपतो. ती थांबली की आई दाराला कडी लावायची. १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून पेटलेली दंगल मी घरात ऐकूनच मोठा झालो. १९८४ची पाहिली, तेव्हा मी सातवीत होतो. दोन्ही वेळी शांतता समिती नव्हती असं नाही. मोठ्या सणाआधी पोलीस ठाण्यात बैठक व्हायची. पुढारी आणि मोठे व्यापारी यायचे, भाषणं व्हायची, चहा व्हायचा. आमच्या गल्लीतलं त्या बैठकीत कुणीच नसायचं, आणि दगड मात्र आमच्याच गल्लीत पडायचे.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी शहराचे लहान लहान भाग पाडून सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक समितीत हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि तेही रोज एकमेकांच्या नजरेसमोर असलेले साधे लोक. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. समिती चालवायची जबाबदारी वरच्या साहेबांवर न ठेवता त्या भागाच्या फौजदार-हवालदारावर टाकली. तोपर्यंत हवालदार म्हणजे बंदोबस्ताला दांडकं घेऊन उभा राहणारा माणूस. आता त्यालाच लोकांपुढे बसून उत्तरं द्यावी लागू लागली.

आमच्या भागाच्या समितीत वडिलांचं नाव होतं. त्यांच्याबरोबर कारखान्यात कांड्या भरणारे एक चाचा होते, शिवाय एक किराणावाले, एक तेलुगू विणकर, शाळेतले एक गुरुजी. पहिल्या काही बैठकांत दंगलीचा विषयच निघाला नाही. तुंबलेलं गटार, नळावरची भांडणं, थकलेली मजुरी, दारू पिऊन रोज शिव्या देणारा एक शेजारी, हेच चाललं. हवालदार वहीत लिहून घ्यायचे आणि पुढच्या खेपेला काय केलं ते सांगायचे. वडील वैतागून म्हणायचे, हे पोलिसांचं काम आहे का? पण चार महिन्यांत हवालदारांना आमच्या गल्लीतली पोरं नावानिशी माहीत झाली, आणि पोरांनाही ते कुठे राहतात ते कळलं.

डिसेंबर १९९२ मध्ये याचा उपयोग दिसला. बाबरी मशीद पडल्यानंतर एका रात्री आमच्याकडे बातमी पसरली की पलीकडच्या गल्लीतल्या देवळात मूर्ती फोडली. पोरं जमायला लागली. वडील, चाचा आणि हवालदार तिघं चालत तिकडे गेले. कुलूप जागच्या जागी होतं. परत येऊन तिघांनी तिघांच्या तोंडाने तेच सांगितलं, आणि चाचांनी सांगितलं म्हणून मुसलमान वस्तीतही ते मानलं गेलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. त्याच हिवाळ्यात मुंबईत दोन फेऱ्यांत दंगली झाल्या आणि ९०० माणसं गेली. १९८४ला इतकी होरपळलेली भिवंडी मात्र शांत राहिली.

यामागे जादू नाही. अफवा पसरणं आणि पहिला दगड पडणं यात थोडा वेळ असतो. तेवढ्यात दोन्हीकडे विश्वास असलेला माणूस तिथे पोचला पाहिजे. तो विश्वास त्या रात्री तयार करता येत नाही, तो आधीच्या चार वर्षांच्या गटारांच्या बैठकांतून आलेला असतो. घरफोडी, सोनसाखळी, मुलींची छेड यांचंही तसंच. अनोळखी माणूस तीन दिवस जिन्यात दिसतोय हे कामवाल्या मावशींना सगळ्यात आधी कळतं. त्यांना ते सांगावंसं वाटेल असा पोलीस आहे का, एवढाच प्रश्न असतो.

दंगलींनंतर मुंबईतही मोहल्ला समित्या झाल्या. सतीश साहनी तेव्हा पोलीस आयुक्त होते. माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्यासारखी माणसं त्यात उतरली, पोलीस आणि वस्तीतल्या पोरांचे क्रिकेटचे सामने भरवले गेले. ते कामही मी मनापासून मानतो.

पण भिवंडीचं पुढचं सांगितल्याशिवाय उत्तर प्रामाणिक होणार नाही. अधिकारी बदलत गेले. नव्या साहेबांना बैठका म्हणजे वेळ घालवणं वाटायचं. हळूहळू आमच्या समितीची जागा पुन्हा सणाआधीच्या चहाने घेतली. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगत पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. जागेचा हा वाद गटारांच्या वहीत फार आधी यायला हवा होता, असं मला आजही वाटतं. चाचा तेव्हा हयात नव्हते. वडील दोन दिवस जेवले नाहीत.

एक इशाराही देतो. समिती म्हणजे न्यायालय नव्हे. १५ ऑगस्ट २००७ पासून तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी गावोगावी तंटामुक्तीची, म्हणजे भांडणं गावातच मिटवण्याची, मोहीम चालवली. बांधावरच्या भांडणांसाठी ती चांगलीच होती. पण नवरा मारतो अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला "चार माणसांत मिटवू" म्हणून परत पाठवलं, तर तो तिच्यावर अन्याय आहे. छेडछाड, मारहाण, बालकांवरचे अत्याचार यांत थेट ११२ आणि थेट गुन्हा नोंद. समितीने तिच्याबरोबर ठाण्यापर्यंत जावं, तेवढंच समितीचं काम. कुणाच्या घरी कोण येतं, कोण काय खातं, यात समितीने नाक खुपसलं तर त्याच दिवशी राजीनामा द्या.

तुमच्या यादीत फक्त फ्लॅटमालकांची नावं जाऊ देऊ नका. भाडेकरू, वॉचमन, मागच्या चाळीतल्या दोन बाया, कोपऱ्यावरचा रिक्षावाला आणि वेगळ्या धर्माचं, वेगळ्या भाषेचं जे कुणी जवळ राहत असेल ते घाला. निवडणुकीला उभं राहायचं आहे असा माणूस टाळा. पंधरा दिवसांतून एकदा, पण ठरलेल्या वारी बसा, आणि मागच्या वेळच्या तक्रारींचं काय झालं ते आधी वाचा. तुमच्या भागाचे बीट अंमलदार, म्हणजे तो भाग सांभाळणारे पोलीस, कोण आहेत ते ठाण्यात विचारा. पहिली बैठक तुमच्या इमारतीच्या आवारात घ्या आणि त्यांनाच बोलवा. मोठे साहेब नंतर आले तरी चालतील.