पुट्टीखालची भेग आणि कपाटातून गेलेला फोडेन

प्रश्न: मी तीस वर्षांपासून जुन्या मोटारींची आणि मालवाहू गाड्यांची डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूची, मॉडेलं जमवतो. आठ महिन्यांपूर्वी एका ज्येष्ठ संग्राहकांकडून, ज्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणतो, दुसऱ्या महायुद्धापूर्वीची, डिंकी या खेळण्यांच्या ब्रँडची डिलिव्हरी व्हॅन घेतली. बदल्यात काही रक्कम आणि माझा साखळ्यांचा हिरवा फोडेन ट्रक दिला. 'रंग मूळचा, धातू ठणठणीत, फटीग अजिबात नाही' असं त्यांनी मेसेजमध्ये लिहिलं होतं. फटीग म्हणजे धातू आतून तडकून त्याचा चुरा होणं. तीन आठवड्यांपूर्वी व्हॅनच्या छताला भेगा पडल्या, एक कोपरा निखळला आणि आत पुट्टी दिसली. सर म्हणतात, जुन्या वस्तूला गॅरंटी नसते, तुमच्याकडच्या दमटपणानं झालं असेल. माझ्या फोडेनचा सौदा त्यांनी दुसऱ्याशी ठरवला आहे, पुढच्या आठवड्यात देणार आहेत. मला पैशांपेक्षा फोडेन परत हवा आहे. पोलिसांत जाऊ का? संग्राहकांच्या ग्रुपवर त्यांचं नाव जाहीर करू का?

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: 'पुढच्या आठवड्यात देणार आहेत.' म्हणून बाकीचं बाजूला ठेवून आधी तेच घेतो.

फसवणुकीनं किंवा चुकीच्या माहितीवर झालेला करार आपोआप रद्द होत नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 19 प्रमाणे तो फसलेल्या माणसाच्या मर्जीवर रद्द होऊ शकतो, म्हणजे तुम्ही रद्द करेपर्यंत तो जिवंत असतो आणि फोडेन कायद्याच्या नजरेत सरांचाच असतो. माल विक्री कायदा 1930 चं कलम 29 सांगतं की असा करार रद्द होण्याआधी कोणी ती वस्तू सद्भावनेनं, वादाची कल्पना नसताना विकत घेतली, तर त्याला पक्की मालकी मिळते. एकदा तसं झालं की त्या तिसऱ्या माणसाच्या कपाटातून फोडेन काढून आणणं कोणत्याही वकिलाच्या हातात राहत नाही. मग उरते फक्त सरांकडून भरपाई.

त्यामुळे करार आजच रद्द करा. त्यासाठी मी वकील म्हणून पाठवणार असलेल्या नोटिशीची वाट पाहू नका. करार कायद्याच्या कलम 66 प्रमाणे करार जसा प्रस्ताव कळवतात तसाच रद्द करता येतो. तुमचा सौदा मेसेजवर ठरला, तर मेसेजवर रद्दही होतो. शब्द साधे ठेवा: 'व्हॅनचा रंग मूळचा आणि धातू फटीगमुक्त असल्याचं तुम्ही लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात भेगा पुट्टीनं भरून वरून रंग दिलेला आढळला. म्हणून हा व्यवहार मी रद्द करत आहे. व्हॅन परत द्यायला तयार आहे. माझा फोडेन आणि रक्कम परत करा. फोडेन कोणालाही देऊ नका.' एवढंच. राग, जुना स्नेह, बाकीच्यांनी काय सांगितलं, यातलं काही त्यात नको. मग हाच मजकूर कागदावर सही करून स्पीड पोस्टनं पोचपावतीसह पाठवा. फोडेन घेणारे गृहस्थ तुमच्या माहितीतले असतील तर त्यांनाही दोन ओळी कळवा: या ट्रकवर वाद आहे, मी तो व्यवहार रद्द केला आहे. त्यात सरांबद्दल विशेषणं नकोत. ही माहिती मिळाल्यावर 'मला काही ठाऊक नव्हतं' असं म्हणायची जागा त्यांना राहत नाही, आणि कलम 29 चं संरक्षण नेमकं त्या एका वाक्यावर उभं असतं. मात्र सरांनी त्यांच्याशी विक्रीच पूर्ण करून टाकली असेल आणि फक्त डबा हातात द्यायचा राहिला असेल, तर प्रश्न अवघड होतो. म्हणून एक दिवसही दवडू नका.

आता व्हॅनकडे वळतो. तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. तिसऱ्या फोटोत छताचा निखळलेला कोपरा आहे. धातूच्या भेगा कोळ्याच्या जाळ्यासारख्या फाटे फोडत गेल्या आहेत आणि कडेला राखाडी भुकटी सांडली आहे. त्याच भेगांमध्ये एक गुलाबीसर पट्टा दिसतो. त्याला धातूचा कण नाही, कडा घासून गुळगुळीत केलेली आहे आणि वरचा रंग त्याच्यावरून अखंड गेलेला आहे. तुमच्या प्रकरणाचा सगळा जीव या पट्ट्यात आहे.

धातू सडला हा कोणाचाच गुन्हा नाही, हे आधी मान्य करू. ही मॉडेलं जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असतात. त्यात सुमारे 4 टक्के अॅल्युमिनियम आणि थोडं मॅग्नेशियम, तांबं. युरोपात त्याला झामक म्हणतात, ब्रिटनमध्ये माझाक. या मिश्रणात शिशाचा अगदी थोडा अंश मिसळला तरी धातूच्या कणांच्या सीमांवरून गंज आत शिरतो, ओतकाम फुगतं, तडकतं आणि शेवटी बोटानं चुरा होतो. आजची मर्यादा शेकडा 0.005 इतकी कडक आहे. 1930 च्या दशकात लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या कारखान्यातून ज्या डिंकी गाड्या बाहेर पडल्या, त्यांतल्या काहींमध्ये ही शुद्धता पाळली गेली नव्हती. संग्राहक त्याला फटीग म्हणतात, पण खरं तर तो धातूचा आतला रोग आहे. दमट, उबदार हवेत तो जोरानं वाढतो हे सरांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. पण हवा रोग वाढवते, निर्माण करत नाही. शिसं ओतकामाच्या दिवशीच आत गेलेलं असतं.

म्हणून न्यायालयात 'व्हॅन माझ्याकडे आल्यावर तडकली' एवढंच मांडलंत तर तुम्ही हराल. 'जुन्या वस्तूला गॅरंटी नसते' हे वाक्य तिथे बरंचसं चालेल. माल विक्री कायद्याच्या कलम 16 मध्ये गुणवत्तेची जी गर्भित, म्हणजे न लिहिताही धरली जाणारी, हमी आहे, ती त्या प्रकारच्या मालाचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्यालाच लागू पडते, हौशी माणसाला नाही. पण तुमच्याकडे गर्भित हमीपेक्षा मोठी गोष्ट आहे. सरांनी वर्णन लिहून दिलं होतं. कलम 15 प्रमाणे वर्णनानं विकलेली वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे. तुम्ही ती हातात घेऊन पाहिली होती, हे इथे आड येत नाही, कारण पुट्टी रंगाखाली होती. 'आहे त्या स्थितीत' हे शब्द तुमच्या संपूर्ण चॅटमध्ये मला कुठे सापडले नाहीत. ते सर आता बोलत आहेत.

मूळचा रंग म्हणून सांगितलेला रंग पुट्टीच्या वर आहे, म्हणजे तो कारखान्यातला असूच शकत नाही. आता हे सरांनी स्वतः केलं की त्यांनाच कोणी तशी व्हॅन विकली? मला खरंच माहीत नाही, आणि तुम्हीही गृहीत धरू नका. उत्तरावर कायद्याचा मार्ग बदलतो. त्यांनी स्वतः भेगा बुजवल्या असतील, तर ते करार कायद्याच्या कलम 17 मधलं सक्रिय लपवणं आहे, म्हणजे थेट कपट. अशा वेळी 'तुम्ही नीट का पाहिलं नाही' हा बचाव त्यांना मिळत नाही. त्यांना माहीत नसेल, पण खात्रीलायक आधार नसताना त्यांनी ठामपणे 'मूळचा रंग' लिहिलं असेल, तर ते कलम 18 मधलं चुकीचं निवेदन आहे. करार तरीही रद्द होतो, पण तिथे ते म्हणू शकतात की साध्या दक्षतेनं तुम्हाला कळलं असतं. पुट्टी रंगाखाली होती आणि ज्येष्ठ संग्राहकाच्या लेखी शब्दावर तुम्ही भरवसा ठेवलात, हे त्यावरचं उत्तर आहे, आणि ते मला पुरेसं वाटतं.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो: व्हॅनला हात लावू नका. तुमच्या मित्रानं 'गोंद लावून कोपरा बसवून देतो' म्हटल्याचं तुम्ही लिहिलं आहे. कृपया बसवू देऊ नका. तळाचे रिव्हेट उघडू नका, रंग खरवडून बघू नका. पडलेले तुकडे आणि भुकटीसुद्धा कोरड्या डबीत ठेवा, वर तारीख लिहा. रिव्हेटच्या आणि अॅक्सलच्या टोकांचे जवळून फोटो घ्या. आधी कोणी उघडली असेल तर तिथे घासल्याच्या खुणा किंवा वरून गेलेला रंग दिसतो. काळ्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील प्रकाशात, नवा रंग बऱ्याचदा जुन्यापेक्षा वेगळा चमकतो. हा प्रयोग एका जाणकार तटस्थ संग्राहकासमोर करा आणि त्यांना निरीक्षण लिहून द्यायला सांगा. पुढे धातू आणि पुट्टीची प्रयोगशाळेत तपासणी करायची वेळ आली, तर निखळलेला तुकडा उपयोगी पडेल, नवीन तोडावा लागणार नाही. फोन बदलायचा विचार असेल तर थांबा. चॅट पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन असला की ते काम सोपं होतं.

फोडेन परत मागण्यात तुम्हाला संकोच वाटतोय, तो सोडा. हा ट्रक कारखान्यातून रोज निघणाऱ्या मालासारखा नाही. त्याच अवस्थेतला, त्याच रंगाचा दुसरा मिळेलच असं कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम 1963 खाली, पैशानं ज्याची नीट भरपाई होत नाही अशी वस्तू प्रत्यक्ष परत मागता येते. सरांनी रद्दच्या मेसेजला दाद दिली नाही, तर दिवाणी न्यायालयात दावा आणि त्याबरोबर फोडेन कोणालाही न देण्याचा तात्पुरता मनाई हुकूम मागू. ट्रक हातातून गेलाच, तर त्याचं मूल्य मागायचं. सौद्याच्या वेळी त्याची किंमत चॅटमध्ये दोघांनी धरलेली आहे, हे तुमच्या फायद्याचं आहे.

व्हॅन परत द्यायची तयारी दाखवणं बंधनकारक आहे, कारण करार रद्द करणाऱ्यानं मिळालेला लाभ परत करायचा असतो. पण ती एका हातानं द्या आणि दुसऱ्या हातानं फोडेन घ्या, आणि तपासणी पूर्ण झाल्याशिवाय तर अजिबात देऊ नका. ती तडकली म्हणून तुमचा हक्क जात नाही, तिला तुम्ही बिघडवलेलं नाही. आठ महिने ठेवून घेतल्यामुळे व्हॅन नाकारण्याचा साधा हक्क कदाचित गेला असेल, पण नुकसानभरपाई माल विक्री कायद्याच्या कलम 59 खाली तरीही मागता येते, आणि कपट सिद्ध झालं तर आठ महिन्यांचा मुद्दा फारसा उरत नाही. कळल्यानंतर गप्प बसणं मात्र अंगलट येतं. तीन आठवडे गेले आहेत, ते आणखी लांबू नयेत.

ग्राहक आयोगात जाता येईल का, हे सर किती विक्री करतात यावर आहे. महिन्याला चारदोन गाड्या विकत असतील तर त्यांना 'व्यापारी' म्हणता येईल आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा मार्ग उघडेल. तक्रार तुम्ही राहता तिथेच करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. तुम्ही अधूनमधून एखादं मॉडेल देऊन दुसरं घेता, एवढ्यानं तुम्ही व्यापारी ठरत नाही. पण त्यांच्या विक्रीचे मेसेज, जाहिराती आधी गोळा करा, मग ठरवू.

पोलिसांत आज जाऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालची फसवणूक सिद्ध करायला सौद्याच्या क्षणी बेइमान हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि पुट्टी कोणी भरली हेच आज आपल्याला ठाऊक नाही. ग्रुपवर नाव टाकण्याबद्दल मी ठाम नाही म्हणतो. तुमचा संताप मला समजतो. पण उद्या ती पुट्टी आधीच्या मालकानं भरल्याचं निघालं, तर तुमच्याविरुद्ध कलम 356 खाली बदनामीची फिर्याद उभी राहते आणि तक्रारदाराऐवजी तुम्हीच आरोपी होता. ज्यांनी सरांकडून गाड्या घेतल्या आहेत त्यांना, त्यांनी विचारलं तर, 'माझ्या व्हॅनमध्ये मला हे दिसलं' एवढं फोटोसकट सांगा. निष्कर्ष त्यांचा त्यांना काढू द्या.

शेवटी तुम्ही जे काळजीनं विचारलं आहे: शेजारच्या फळीवरच्या गाड्यांना हा रोग लागेल का? नाही. तो संसर्गानं पसरत नाही, ज्या ओतकामात शिसं आहे त्यालाच होतो. व्हॅन वेगळी ठेवायची ती पुरावा म्हणून.

मेसेज पाठवलात की त्यावरची वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट मला पाठवा. नोटीस त्याच तारखेवर उभी करायची आहे.